वेणीमाधवरावांच्या उजव्या हाताची फाईल

काशी, पंचगंगा
१४ जून २०२३

ती. सुमंतदादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझं अर्धं वाक्यही पुरं झालं नव्हतं, तोच तू म्हणालास, "प्रमोदिनी, हे सगळं लिहून पाठव, बोललेलं फायलीला लागत नाही." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्या डोक्यातलं विमा दफ्तर काही बंद होत नाही. घे, लिहिते.

यांना माघात झटका आला ते तुला ठाऊक आहे. पाय सुधारला. थोडा ओढतात, पण कठड्याला धरून घाट उतरतात. तोंड वाकडं झालं होतं तेही सरळ झालं. आवाज तर असा खणखणीत आहे की खालचा नाववाला म्हणाला, "माताजी, गुरुजी की आवाज तो उस पार तक जा रही है." गेला तो फक्त उजवा हात. मांडीवर ठेवला की मांडीवर राहतो, उशीवर ठेवला की उशीवर. जेवताना मी भरवते. त्यांना ते आवडत नाही, मलाही आवडत नाही, पण भात गार होतो म्हणून दोघंही गप्प बसतो.

आणि हात नाही तर यजुर्वेद नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पाठशाळेनं वैशाखात यांना रजेवर पाठवलं. आता ट्रस्टचे व्यवस्थापक प्रल्हादजी सांगून गेले की गुरुजींची नेमणूक संपली आणि पाठशाळेला लागून असलेल्या आमच्या दोन खोल्या दिवाळीपर्यंत रिकाम्या करायच्या. बोलले फार गोड. जाताना यांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "काकू, नळाची तोटी मात्र आमची आहे."

पगारातून दरमहा सरकारी विम्याचं काही कापलं जायचं, ते कशासाठी ते आम्ही कधी विचारलं नाही. आता म्हणतात, ज्याला आजारपणामुळे काम करता येत नाही त्याला त्यातून जन्मभर पेन्शन मिळते. मिळेल का रे? नाही मिळाली तर काशी सोडावी लागेल, आणि यांच्यापाशी तो शब्द काढायचीसुद्धा माझी छाती नाही. इथे जन्मले, इथेच शिकले, इथेच देह ठेवायचा असं ठरवून बसलेला माणूस आहे.

तुझी,
प्रमोदिनी

---

अकोला
२२ जून २०२३

विषय : वेणीमाधवराव यांचा उजवा हात.
संदर्भ : तुझं १४ जूनचं पत्र.

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाईट वाटलं. आता कामाचं बोलू.

पेन्शन मिळू शकते. अट एकच : माणूस आपलं नेहमीचं काम कायमचं करू शकत नाही हे मेडिकल बोर्डानं मान्य केलं पाहिजे. मी उभा जन्म त्या बोर्डांच्या फायली वाहिल्या, म्हणून सांगतो, नीट ऐक. बोर्डाला आजारी माणूस दिसत नाही, बोर्डाला हालचाल दिसते. तेव्हा बोर्डासमोर वेणीमाधवरावांनी काहीही करू नये. पाणी दिलं तर पिऊ नये. घाम आला तर येऊ द्यावा. नमस्कार तर अजिबात करू नये, त्याला दोन हात लागतात. आमच्याकडे एक इसम जिंकत आलेला दावा कान खाजवून हरला. कान डावा होता आणि हात उजवा, म्हणजे पल्लाही चांगला निघाला.

एक गोष्ट मला कळली नाही, आणि जी मला कळली नाही ती बोर्डालाही कळणार नाही. मास्तर शिकवतो तोंडानं. तोंड शाबूत आहे. मग हात लागतो कशाला? आम्ही ऋग्वेदी माणसं, आणि तेही नावाचेच. माझी मुंज झाल्यावर वेदांशी माझा पत्रव्यवहार नाही. याचा खुलासा लेखी तयार ठेव.

विश्वेश आणि सूनबाई विचारतात. नाहीच जमलं तर अकोल्याला या, वरची खोली रिकामीच आहे. पण ही वेळ येऊ नये म्हणून तर हा खटाटोप.

तुझा,
सुमंतदादा

---

काशी
१९ जुलै २०२३

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

खुलासा मी तयार ठेवला होता. कुणी मागितलाच नाही.

बोर्डात तिघं होते. एक डॉक्टर, एक अधिकारी, आणि एक गृहस्थ ज्यांच्यापुढे फक्त शिक्का होता. डॉक्टरांनी यांचा हात उचलला आणि सोडला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ते तिघं समाधानानं माना डोलावत होते. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. "अध्यापक हैं? तो मुँह से पढ़ाइए."

मग यांनी सांगितलं, आणि आता तूही समजून घे. आमचा वेद हातानं म्हणतात. स्वर खाली गेला की हात छातीशी खाली, चढला की वर, कुठे आडवा. विसर्ग आला की बोट बाहेर, 'म' संपला की मूठ. तोंड आणि हात दोघं मिळून एक मंत्र होतो. मुलं आधी गुरूच्या हाताकडे बघतात, मग तोंड उघडतात. एकही मात्रा हाताशिवाय नाही.

अधिकारी म्हणाले, "एक बार बिना हाथ के सुना दीजिए." हे म्हणाले, नाही, दोष लागतो. "किसको लगता है?" म्हणे. हे शांतपणे म्हणाले, "म्हणणाऱ्याला लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही." त्यावर अधिकाऱ्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, पण हट्ट सोडला नाही. यांनीही सोडला नाही. बाहेर माणसं खोळंबली होती. शेवटी लिहिलं काय, तर 'दावेदाराचं तोंड सक्षम असून दावेदार ते वापरण्यास तयार नाही.' आणि शिक्क्यावाल्यांनी शिक्का मारला. एवढ्या वेळात तेच एकटे खूश दिसले.

घरी येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. अरे, एक ओळ म्हटली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? म्हटलं तसं त्यांना. तर म्हणाले, "एक ओळ म्हटली असती तर त्यांचंच खरं झालं असतं की तोंडानं काम होतं." दादा, मला राग आवरेना, कारण ते बरोबर बोलत होते.

तुझी,
प्रमोदिनी

---

अकोला
२८ जुलै २०२३

विषय : तोंड सक्षम असल्याबाबत.
संदर्भ : १९ जुलै.

चि. सौ. प्रमोदिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला कित्येक वर्षांनी बरं वाटलं. सूनबाई म्हणाली, बाबा आज दोन पोळ्या जास्त जेवले. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी बढती नाकारून तिथेच राहिलो असतो.

चूक आपली झाली. आपण त्यांना मास्तर म्हणून नेलं. मास्तर म्हटलं की तोंड आलं. वेणीमाधवरावांना कारागीर म्हणून न्यायला हवं होतं. लेथवाल्याचा हात गेला तर त्याला कुणी म्हणत नाही की तोंडानं लेथ चालव. फेरतपासणीचा अर्ज सोबत पाठवतो आहे, त्यात मी हाताला 'कामाचं मुख्य औजार' म्हटलं आहे. वेणीमाधवरावांना हा शब्द दाखवू नकोस.

मी त्यात प्रात्यक्षिक मागितलं आहे. बोर्डासमोर आधी धडधाकट हाताचा एक वैदिक म्हणून दाखवील, म्हणजे हात काय काय करतो ते त्यांना दिसेल. मग शेजारी वेणीमाधवरावांचा हात पाहू द्या. एक चालू, एक बंद. आंधळ्यालाही कळेल. माणूस मात्र चांगला ने.

तुझा,
सुमंतदादा

---

काशी
२ सप्टेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

माणूस चांगला नेला. देवव्रतला नेलं, यांचाच शिष्य, आता पाठशाळेत यांच्याच जागी शिकवतो. बिचारा लाजेनं अर्धा झाला आहे, म्हणाला, "काकू, सांगाल ते करीन." सांगितलं ते असं की नीट म्हण, बस.

बोर्डाच्या खोलीत एसी इतका होता की देवव्रतच्या अंगावर काटा आला. उपरणं गुंडाळून बसला. म्हणायला लागला, हात सुंदर चालला होता. अधिकारी पुढे वाकून बघत होते, शिक्केवाले गृहस्थ तर हळूच स्वतःचा हात खाली-वर करून पाहत होते. मी मनात तुला शाबासकी देत होते.

आणि देवव्रत चुकला. थंडीनं म्हण, भीतीनं म्हण. स्वर चढायचा तिथे खाली गेला.

दादा, यांचा हात उठला.

मांडीवर मेल्यासारखा पडलेला हात, ज्याला मी सात महिने कुशीवरून कुशीवर फिरवते आहे, तो आपणहून उठला, जिथे जायला हवा तिथे वर गेला, क्षणभर थांबला, आणि पुन्हा मांडीवर येऊन पडला. देवव्रतनं सवयीनं त्या हाताकडे पाहिलं, ओळ दुरुस्त केली आणि पुढे म्हणू लागला. त्याला कळलंही नाही काय झालं ते. मग त्याला कळलं आणि तो थांबला.

डॉक्टर उभे राहिले. अधिकारी म्हणाले, "बधाई हो." शिक्केवाल्यांनी 'दावा अमान्य, हात चालू' यावर शिक्का मारला. मला रडू फुटलं, तर अधिकाऱ्यांना वाटलं आनंदानं रडते. निम्मी आनंदानंच रडत होते रे. निम्म्यात आमचं घर गेलं होतं.

घरी आल्यावर मी वरणभाताची वाटी यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, घ्या, उचला. नाही उचलला. पाणी घ्या. नाही. माझ्या गालाला हात लावा म्हटलं, या वयात. नाही. हे म्हणाले, "मी उचलला नव्हता गं. चूक झाली, तो गेला." इतकंच. मला वाटतं ते स्वतःच घाबरले होते.

प्रल्हादजींना कळवलं की हात चालतो, गुरुजींना परत घ्या. त्यांनी ट्रस्टची बैठक बोलावली. निर्णय असा झाला की जो हात फक्त चुकल्यावर चालतो त्याच्याकडून बरोबर कसं शिकणार? तेव्हा ट्रस्टच्या लेखी हात बंद, सरकारच्या लेखी हात चालू. दोघांच्या मधल्या खोलीत आम्ही, तीही दिवाळीपर्यंत.

मालिशवाल्या डॉक्टरीणबाई, मुक्ताजी, म्हणाल्या की कसाही हलो, हलवत राहा, हलला तरच सुधारेल. म्हणून देवव्रत रोज संध्याकाळी येऊन मुद्दाम चुकायला लागला. यांचा हात ढिम्म. तो आणखी मोठी चूक करी. तरी ढिम्म. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "देवव्रत, हे नाटक आहे. नाटकाला स्वर दाखवत नाहीत." गेला बिचारा.

आता काय करू सांग.

तुझी,
प्रमोदिनी

---

अकोला
१३ सप्टेंबर २०२३

विषय : अपील.
संदर्भ : २ सप्टेंबर.

चि. सौ. प्रमोदिनीस आशीर्वाद.

हात चालतो आणि हाताला काम करता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्यावर डॉक्टरनं हातोडी मारली की पाय उडतो, म्हणून त्या माणसाला कुणी टपाल वाटायला पाठवत नाही. हेच वाक्य मी अपिलात घातलं आहे. मोठ्या डॉक्टरांचा दाखला घ्या की ही हालचाल इच्छेची नाही. दावा खरा आहे, खोटं काही सांगायचं नाही.

आता जे लिहितो ते मी सुचवलं असं कुठे म्हणू नकोस. अपिलाच्या वेळी पुन्हा कुणीतरी काहीतरी म्हणणार. तेव्हा वेणीमाधवरावांच्या कानात थोडा कापूस असला तर हरकत नसावी. किंवा जपाची गोमुखी असते ना, ती पिशवी, त्यात उजवा हात घालून बसावं. धार्मिक माणसाला कुणी पिशवी काढा म्हणत नाही.

तू लिहिलंस की निम्मी आनंदानं रडलीस. तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. पत्र अजून फाईलला लावलेलं नाही, टेबलावरच आहे. तुझी वहिनी गेल्यापासून हे घर फार नीटनेटकं झालं आहे, प्रमोदिनी, आणि तुमच्याकडे हातावरून इतका गोंधळ चालला आहे हे वाचून मला हेवा वाटतो. असो.

तुझा,
सुमंतदादा

---

काशी, दुर्गाघाटाजवळची गल्ली
४ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

पत्ता बदलला आहे बघ. पाठशाळेच्या खोल्या सोडल्या, तोटी सहीसलामत परत केली. इथे एक खोली आणि गॅलरी आहे, समोरच्या घराचा लिंबाचा डहाळा आत येतो. भाडं देता येईल, कारण पेन्शन मंजूर झाली. आधी हे सांगते, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

गोमुखी काढून ठेवली होती. यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "त्यात हात घालून मी आजवर खोटा जप केला नाही." कापसाचं तर मी बोललेच नाही. तसेच गेलो, उघड्या हातानं.

अपिलाचे अधिकारी मोठे, वयस्क, कपाळाला गंध. त्यांना फाईल तोंडपाठ होती. म्हणाले, वैदिक बोलवायची जरूर नाही, लहानपणी आम्हीही शांतिपाठ शिकलो आहोत, आम्हीच म्हणतो, बघू हात काय करतो ते. ते डोळे मिटून म्हणायला लागले. दादा, मला वेदातलं काही कळत नाही असंच तू धर, पण मलासुद्धा कळलं की एक अक्षर धड नाही. मी यांच्या हाताकडे बघत होते. आता उठेल, मग उठेल. डॉक्टर बघत होते. सगळी खोली त्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर पडून राहिला.

'कायम असमर्थ.' शिक्का. अधिकाऱ्यांनी विचारलं, कैसा लगा हमारा पाठ? हे म्हणाले, "आवाज चांगला आहे."

बाहेर आल्यावर मी विचारलं, अहो, इतक्या चुका, आणि हात कसा उठला नाही? दाबून धरलात? म्हणाले, "चूक व्हायला आधी मंत्र असावा लागतो. तिथे काही नव्हतंच." मला रिक्षात हसू आवरेना. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

एक अट घातली आहे. वर्षातून केव्हाही, न कळवता, तपासणीस घरी येईल. घरात कुणीतरी मंत्र म्हणायचा आणि त्यानं हात बघायचा. हलला तर पेन्शन बंद.

आता पुढचं. हे फक्त तुला.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी मटार सोलत होते. हे भिंतीला टेकून बसलेले. मी आपली सवयीनं गुणगुणत होते. दादा, पाठशाळेच्या भिंतीला लागून माझा सगळा संसार झाला. रोज पहाटे तेच कानावर. रुद्राचा पाचवा अध्याय मी न शिकता शिकले आहे, कधी तोंडानं म्हटला नव्हता एवढंच. यांच्यासमोर तर नाहीच, त्यांना ते चालत नाही. बायकांनी स्तोत्रं म्हणावीत, संहिता नाही, असं त्यांचं. त्या दिवशी मटाराच्या नादात तोंडातून कधी निघालं मलाच कळलं नाही. आणि मी चुकले असणार, कारण समोर हात वर आलेला दिसला.

मी गप्प झाले. वाटलं आता रागावतील. ते डोळे मिटूनच म्हणाले, "ते वर आहे." मग थोड्या वेळानं, "थांबलीस का?"

तेव्हापासून रोज दुपारी म्हणते. मी चुकते, हात येतो, जागा दाखवतो, जातो. मी एकदा म्हटलं, अहो, तुम्हाला चालतं का हे, बायकोला शिकवलेलं? तर म्हणाले, "मी कुठे शिकवतो? हात शिकवतो. आणि तो सरकारी कागदावर बंद आहे." हा माणूस विनोद करू शकतो हे मला साठीला आल्यावर कळतं आहे.

मुक्ताजी म्हणतात, बोटांत जरा जान आली आहे. काल यांनी झोपेत त्या हातानं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. जागे झाले तेव्हा सुटलं. मी सुखात आहे, दादा.

तुझी,
प्रमोदिनी

---

अकोला
१२ डिसेंबर २०२३

विषय : ताबडतोब थांबवणे.
संदर्भ : ४ डिसेंबर.

प्रमोदिनी,

तू वेडी आहेस का? तपासणीस न कळवता येतो म्हणजे न कळवता येतो. जिना चढताना त्यानं तुझा आवाज ऐकला, आत येऊन वर गेलेला हात पाहिला, की संपलं. त्याला कुठलं इच्छेनं आणि कुठलं आपोआप कळणार? पुन्हा अपील, पुन्हा बोर्ड, आणि या खेपेला ते कुणातरी खऱ्या वैदिकाला बसवतील. मंत्र ताबडतोब बंद कर. हा माझा अधिकृत सल्ला आहे.

हे लिहून मी पाकीट बंद केलं होतं. पुन्हा उघडलं. थांबवू नकोस. पदर धरला असं वाचल्यावर थांबव म्हणणारा मी कोण? पण मग एकच उरतं. चुकू नकोस. तू अचूक म्हटलंस तर हाताला उठायचं कारणच नाही. तपासणीस आला तरी खुशाल म्हण. लवकर शीक.

सुमंतदादा

---

काशी
२१ मार्च २०२४

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तुझं ऐकलं. शिकले.

तू सांगितलंस चुकू नकोस, आणि मी झपाटल्यासारखी म्हणत गेले. पौषात हात दुपारी किती वेळा यायचा, मोजदाद नाही. संक्रांतीनंतर कमी झाला. माघात एखाद्या दुपारी एकदाच यायचा, एका ठरावीक जागी, जिथे मला नेहमी वर जायचं सोडून आडवं जावंसं वाटतं. मुक्ताजी आल्या की बोटं चोळून म्हणायच्या, "दीदी, हलचल कम हो रही है, क्यों?" मी काय सांगू? मी हुशार होते आहे म्हणून, असं सांगू? तू आणि मी, दोघांनी मिळून काय करून बसलो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जितकी मी सुधारत होते तितका यांचा हात पडत होता. पण एकदा बरोबर कळलेलं पुन्हा चुकीचं कसं म्हणायचं? मुद्दाम चुकले तर तो हात येणार नाही, हे देवव्रतच्या वेळी पाहिलं होतं. तरी दोनदा करून पाहिलं. नाही आला. हे फक्त म्हणाले, "प्रमोदिनी, असं करू नकोस."

परवा तपासणीस आला. ऋतुराज नाव, तरुण, चांगल्या घरचा वाटला, चप्पल बाहेर काढून आत आला. चहा घेतला. मग कागद काढून म्हणाला, माताजी, घरात मंत्र कोण म्हणतं? मी म्हटलं, घरात आहे कोण? मीच. "तो बोलिए."

मी यांच्यासमोर पाट मांडून बसले. दादा, आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही, आणि भीती कशाची ते मलाच ठरवता येईना. चुकले तर घर जाणार. नाही चुकले तर हात पडून राहणार, आणि तो पडलेला बघायचा. मी म्हणायला लागले. पोराची नजर यांच्या हातावर, माझीही नजर यांच्या हातावर. हे डोळे मिटून. ती माझी जागा जवळ येत गेली. मला सगळ्या जीवापासून वाटलं की चुकावं. खरोखर चुकावं, आपोआप, त्या मटाराच्या दिवशीसारखं, जाऊ दे पेन्शन, जाऊ दे खोली, एकदा तो हात वर येऊ दे. आणि तोंड आपोआप बरोबर गेलं. शेवटपर्यंत बरोबर गेलं.

हात हलला नाही. ऋतुराजनं टिपून घेतलं, सही केली, माझ्याही पाया पडला, म्हणाला आता वर्षभर काळजी नाही. जिना उतरून गेला.

मी पाटावरच बसून राहिले. यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "एकही चूक नाही." त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांपैकी किती जणांना त्यांनी हे म्हटलं असेल मला ठाऊक नाही, मी तरी भिंतीपलीकडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले आणि त्यांना रडू आलं. माझ्यासमोर हे कधी रडले नव्हते. मी त्यांचा उजवा हात घेऊन माझ्या मांडीवर ठेवला. जड होता. चहाचे कप तसेच पडलेले होते.

मग मी म्हटलं, मला दुसरं काहीतरी हवं. जे मला येत नाही असं. ते म्हणाले, तू भिंतीतून ऐकलंस ते संपलं, पुढचं कुणीतरी म्हणून दाखवल्याशिवाय येणार नाही. मी म्हटलं, मग देवव्रतला बोलवू. उठले, हातपाय धुऊन आले, सोवळं नेसायला मला मदत करायला लावली, माझ्यासमोर बसले. डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला.

आणि म्हणून दाखवलं. तोंडानं. हात मांडीवर, स्वर नुसते आवाजात. बोर्डासमोर पेन्शनसाठी जे केलं नाही ते. मी म्हटलं, अहो, दोष? ते म्हणाले, "लागू दे. म्हण."

मी मागून म्हटलं. पहिल्याच ओळीत चुकले, आणि हात आला.

तुझी,
प्रमोदिनी